ग्यानोबाची पाळी शेवटची

डोंगरकड्याच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या तीस-चाळीस ख्रिस्ती घरांत, ग्यानोबा किती वर्षं वडील होता ते त्यालाच आठवत नव्हतं. वडील म्हणजे वयानं नव्हे हो, मंडळीनं निवडून दिलेला. असे तिघं. पाळकानं उपदेश करावा, कारभार तिघांनी बसून बघावा, आणि अडलंच तर प्रेस्बिटरी, आसपासच्या मंडळ्यांच्या वडिलांची वरची सभा, होतीच. एकट्याच्या हाती देवाचं घर द्यायचं नाही, एवढंच ग्यानोबाचं शास्त्र. माणूस हेकट, पण सरळ.

सभेत धाकट्यानं आधी मत द्यायचं, ही चाल त्यानंच पाडलेली. थोरला आधी बोलला की बाकीचे नुसत्या माना डोलावतात, म्हणून.

मग विजयकुमार पाळक आले. जिभेवर साखर. त्यांच्या प्रार्थनेनंतर प्रमोदच्या लेकराचा ताप उतरला, आणि प्रमोद, तिघांतला धाकटा वडील, त्यांचाच होऊन गेला. हळूहळू मंडळीही पाळकांकडं झुकली, आणि लोक ग्यानोबाला सलाम घालायचं टाळू लागले.

घरी त्याची बायको केशरबाई अंथरुणाला खिळलेली. तिला एकच घोर, देवळामागच्या दफनभूमीत मेलेल्या लेकीशेजारी जागा मिळावी. पाळक तिला बघून गेले. जाताना उंबऱ्यात थांबून हळूच म्हणाले, "पुढं दफनभूमीचंही मलाच बघावं लागणार, ग्यानोबा."

पुढच्याच सभेत पाळकांनी विषय काढला: वडिलांची सभा बंद, सगळं पाळकांनी ठरवायचं. खरं तर हे तिघांच्या हातातलंच नव्हतं. "प्रेस्बिटरीकडं न्या" एवढं म्हणाला असता तर गाडं तिथंच अडलं असतं. पण भाऊबंदांवर केवढा भरवसा! आपला मान आपल्या हातानं कोण घालवतंय? "होऊ द्या मत," तो म्हणाला. इथंच त्यानं माती खाल्ली.

प्रमोद म्हणाला, "व्हय."

व्यंकटराव, दुसरे वडील, खिडकीबाहेर बघत राहिले. "मी थकलो, बाबा. व्हय."

ग्यानोबाची पाळी आली तेव्हा निकाल लागून गेला होता. "न्हाई," तो म्हणाला. न्हाई म्हणणाऱ्याला "काहून?" असं विचारायची तिथं रीत होती. कुणी विचारलं नाही. पाळकांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले.

"काय ठरलं?" घरी केशरबाईनं विचारलं.

"आता ठरवणारा एकच हाये."

"मग माझ्या जागेचं त्यालाच विचारून ठेवा. लवकर विचारा."

त्यानं प्रेस्बिटरीला पत्र टाकलं. पुढची सभा तीन महिन्यांनी, असं उत्तर आलं. मग जन्मात ज्यानं एकट्या माणसापुढं हात जोडले नव्हते, तो पाळकांच्या दारात जाऊन उभा राहिला. एकदा नव्हे, तीनदा.

"प्रार्थना करून सांगतो," पाळक तिन्ही वेळा हसून म्हणाले.

केशरबाई गुरुवारी गेली. पाळकांची प्रार्थना अजून संपली नव्हती.