सेतुराव आणि मागची काच

सेतुरावांनी मला पहिला प्रश्न विचारला तो माझ्या उंचीचा. मी सांगलीहून इंजिनिअर होऊन चेन्नईला आले होते. ओरगडमच्या बाजूला आमच्या मोटार कंपनीचा कारखाना होता आणि तिथल्या चाचणी विभागातला तो माझा पहिला दिवस होता. नाव, गाव, कॉलेज, कशाचीच त्यांनी चौकशी केली नाही. पाच फूट, असे मी सांगताच त्यांचा चेहरा उजळला आणि ते मराठीत म्हणाले, "बरें झालें, अम्मा. मज कधीची एक ठेंगणी माणूस पाहिजे होती."

त्या तमिळ गजबजाटात मराठी ऐकून मी इतकी चकित झाले, की ठेंगणी म्हटल्याचा राग यायचा राहूनच गेला. सेतुराव तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत आले आणि तिथलेच झाले. घरात बोलायची ती मराठी त्यांनी जपली होती. तिच्यात 'मला'ऐवजी 'मज' होते, 'कशाला'ऐवजी 'कशास' होते, आणि वाक्याचा सूर मात्र तमिळसारखा शेवटी वर जाई. मला ते तमिळ रिवाजाप्रमाणे 'अम्मा' म्हणत. मी त्यांना ऑफिसात 'सर' म्हणे आणि मनात सेतुराव.

गाडी मागे घेताना आणि पार्क करताना चालकाला मागचे किती दिसते, हे तपासणे हे त्यांचे काम. मागची काच, आरसे, काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, मागच्या सीटवरच्या डोके टेकायच्या उशा, या सगळ्यांतून वाट काढत नजर रस्त्यापर्यंत पोचते की नाही, हे ते स्वतः सीटवर बसून पाहत. यंत्राने मोजमापे होतच. पण यंत्र मान वळवत नाही, असे ते म्हणत. चाचणी करणारे आम्ही सगळे मध्यम उंचीचे पुरुष, मग बुटक्या बाईस काय दिसतें तें कोण सांगणार, ही त्यांची जुनी तक्रार होती. ती माझ्यामुळे मिटली.

इतर विभाग चाचणीसाठी नारिंगी शंकू ठेवत. सेतुराव गाडीमागे प्लास्टिकच्या घागरी मांडत, चेन्नईच्या गल्लीबोळांत पाण्याच्या लॉरीची वाट पाहत ओळीने उभ्या असतात तशा, हिरव्या, निळ्या, गुलाबी. रस्त्यावर शंकू कोण ठेवतो, असे ते विचारत. घागरी झाल्या की गाडीमागे उकिडव्या बसलेल्या बाईच्या उंचीचा एक लाकडी पुतळा ठेवला जाई. सकाळी घराच्या फाटकाबाहेर अशाच बसून बायका तांदळाच्या पिठाची रांगोळी, कोलम, काढतात, आणि त्याच वेळी फाटकातून गाड्या उलट्या बाहेर पडतात. "ती बाई दिसली पाहिजे," ते म्हणत. "बाकी सारें मग."

ती बाई कोण हे मला पुढे त्यांच्या पत्नीने, कावेरीकाकूंनी सांगितले. तरुणपणी सेतुरावांनी नवी गाडी घेतली होती. एका सकाळी गाडी फाटकातून मागे घेताना बंपर कशाला तरी लागला. खाली त्यांची आई बसली होती. धक्का हलका होता. ती तळहातांवर पुढे पडली, हात सोलवटले आणि पिठात रक्त मिसळले, एवढेच. तुला दिसलेच नाही, मग तुझा काय दोष, असे म्हणून तिने विषय संपवला. सेतुरावांना ती माफी घेता आली नाही. दिसले का नाही, या प्रश्नाशी ते जन्मभर झटत राहिले.

मी तिथे रुळले त्या सुमारास कंपनीची एक नवी छोटी गाडी तयार होत होती. तिची पाठ उंच उचललेली, मागची काच अरुंद, कडेचे खांब जाड. बाहेरून ती फार देखणी होती. डिझाइन विभागाच्या लोकांना तिचा अभिमान होता, आणि तो खोटाही नव्हता. सेतुराव तिच्यात बसले, मान वळवून कितीतरी वेळ पाहत राहिले आणि उतरल्यावर म्हणाले, "हिला पाठच आहे, डोळे नाहींत." त्यांनी अहवाल दिला: मागचे दिसत नाही, विशेषतः डावीकडचे, काच मोठी करा. त्यावरून दोन विभागांत जुंपली. अखेरचा निर्णय घ्यायला मोठी बैठक ठरली.

बैठकीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही पुन्हा एकदा चाचणी घेत होतो. सेतुराव गाडी मागे घेत होते, मी शेजारी बसले होते. डाव्या खिडकीतून मला गुलाबी घागर स्वच्छ दिसत होती. मला वाटले, ते मुद्दाम तिच्या जवळ जात आहेत. घागर चाकाखाली फुटली. त्यांनी गाडी थांबवली आणि हळू आवाजात विचारले, "तुज ती दिसत होती?"

मी हो म्हणाले. त्यांनी जागा बदलून मला चालवायला बसवले, पुन्हा घागर ठेवली, पुन्हा तोच प्रश्न. डाव्या आरशात ती मला स्वच्छ दिसत होती. मग ते पुन्हा चालकाच्या जागेवर बसून आरशात पाहत राहिले, एक डोळा झाकून, मग दुसरा. ते उतरले आणि दुपारची सुट्टी टाकून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

काचबिंदू होता. डाव्या डोळ्याच्या कडेची नजर बरीच गेली होती, उजव्याचीही जाऊ लागली होती. समोरचे स्पष्ट दिसत असल्याने त्यांना कळलेच नव्हते. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली औषधाने सांभाळायची, आणि गाडी चालवणे आजपासून बंद, असे डॉक्टरांनी सांगितले.

आमचे विभागप्रमुख त्यांचे जुने मित्र. त्यांनी सेतुरावांना आपल्या खोलीत बोलावले. मी अहवालाच्या कामासाठी तिथेच होते. ते कळवळून बोलत होते. काच अरुंद आहे हे तर खरेच आहे, बैठक होऊन जाऊ दे, मग डोळ्यांचे सांग. आज सांगितलेस तर तुझा अहवाल कचऱ्यात जाईल आणि गाडी आहे तशी बाजारात येईल. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, म्हणूनच ते ऐकायला जड जात होते.

सेतुराव म्हणाले, "मजला दिसत नाहीं तें मी लपवलें, तर त्यांना काचेबद्दल कुठल्या तोंडानें बोलूं?"

बैठकीत ते उभे राहिले आणि त्यांनी इंग्रजीत, नेहमीच्या शांतपणे सांगितले की माझी नजर अधू झाली आहे, या गाडीवरचा माझा अहवाल मी मागे घेतो, आणि निरनिराळ्या उंचीच्या माणसांकडून चाचणी नव्याने घ्यावी अशी विनंती करतो. डिझाइन विभागाचे प्रमुख, ज्यांच्याशी त्यांचे भांडण होते, ते उठून आले आणि त्यांनी सेतुरावांचा हात हातात घेतला. नव्या चाचणीला त्यांनीच सगळ्यांआधी संमती दिली.

चाचणीत मीही होते, कँटीनमधल्या बायका होत्या, सहा फुटी सुरक्षारक्षक होते. डावीकडचे दिसत नाही ही सेतुरावांची तक्रार खोटी ठरली. आरसा चांगला होता, दोष त्यांच्या डोळ्याचा होता. पण गाडीमागे बसलेली ती लाकडी बाई आमच्यापैकी कोणालाही दिसली नाही. उंचांनाही नाही.

काच तरीही मोठी झाली नाही. साचे फार पुढे गेले होते. मागच्या उशा खाली उतरवल्या, आणि बंपरमधले सेन्सर, जे फक्त महागड्या मॉडेलला मिळणार होते, ते सगळ्या मॉडेलांना द्यायचे ठरले. मागे काही आले की गाडी पिं पिं करणार. आम्ही ते आनंदाने सांगायला गेलो. सेतुरावांनी ऐकून घेतले, बरें झालें म्हणाले, आणि थोड्या वेळाने पुटपुटले की गाडी ओरडूं लागली म्हणजे माणूस वळून पाहायचें सोडील. पुढे कितीतरी चालकांना मी नुसत्या आवाजाच्या भरवशावर गाडी मागे घेताना पाहिले आहे.

चाचणीच्या गाड्यांच्या किल्ल्या त्यांनी त्याच आठवड्यात परत केल्या आणि काही महिन्यांत मुदतीआधी निवृत्ती घेतली. मी रविवारी शहरात मांबळमला त्यांच्या घरी जाई. नजर आक्रसत चालली होती. ताटातली वाटी हाताने चाचपून घ्यावी लागे. त्याबद्दल ते बोलत नसत. मात्र एका रविवारी गेले तर ते गाडीत डाव्या सीटवर बसलेले आणि स्टिअरिंगवर कावेरीकाकू, पन्नाशी उलटलेल्या, घामाघूम. ते त्यांना गाडी शिकवत होते. काकू आयुष्यात सायकलवर बसल्या नव्हत्या.

पुढे जायला त्या पटकन शिकल्या. मागे घेणे काही केल्या जमेना. त्यांची गल्ली अरुंद, एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला इस्त्रीवाल्याची गाडी. काकू वैतागून म्हणत, मी रिक्षाने जाईन, मज नको हें. सेतुराव कधी आवाज चढवत नसत. थांब, म्हणत. घाई कोणास आहे? आधीं मान वळव. मग पाय. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. शेजारी गच्चीवरून पाहत आणि हसत. काकू रडत आणि तरी दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर बसत. तो हट्ट कोणाचा, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

पुढे माझी पुण्याला बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा ते फाटकाशी आले. "येतें म्हण," ते म्हणाले, "जातें म्हणूं नकोस." मी येते म्हटले. ते हसले, नजर मात्र माझ्या थोडी बाजूला लागली होती.

वर्षभराने काकूंचा फोन आला. दुपारी जेवताना सेतुरावांच्या छातीत कळ आली होती. काकूंनी रुग्णवाहिकेची वाट पाहिली नाही. त्यांना गाडीत बसवले आणि दुपारच्या रहदारीतून हॉस्पिटलला नेले. दाराशी आधीच दोन गाड्या अडून राहिल्या होत्या. भिंत आणि एका व्हॅनच्या मध्ये जेमतेम जागा होती. काकूंनी मान वळवली आणि गाडी उलटी आत घातली. एका दमात. मग लोक धावून आले आणि सेतुरावांना स्ट्रेचरवर घेऊन गेले. डॉक्टरांनी तासभर प्रयत्न केले.

काकूंचा आवाज फोनवर स्थिर होता. मी विचारले, शेवटचे काही बोलले का ते?

"गाडी थांबली तेव्हां बोलले," काकू म्हणाल्या. "'नीट लागली, कावेरी,' म्हणाले. त्यांस कुठें दिसत होतें ग? डोळे मिटलेले होते."

मग म्हणाल्या, "पण नीटच लागली होती. मी मग उतरून पाहिलें."