नाल्यातली सरकी आणि माझं लग्न

त्या साली वऱ्हाडात कापसाला असा भाव आला होता, की बैलसुद्धा माणसांकडे जरा वरूनच पाहत. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई पेटली, तिथला कापूस अडकला, आणि इकडे आमच्या लोकांनी गाड्यांच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या. ऐकीव सांगत नाही. तसल्या एका धावेत तोंड पाहून मी मिशी कातरली आहे, तीही गाडी चालू असताना.

आणि अशा धामधुमीत माझं एकट्याचं लग्न अडलं होतं.

भातकुलीजवळच्या आमच्या खेड्यात ख्रिस्ती घरं मूठभर. मुलगी तेल्हाऱ्याकडची, सोयरीक पक्की झालेली. पण लग्न लावणारे पादरी साहेब अकोल्याला, आणि आगमनकाळ लागलेला. नाताळाआधीच्या त्या चार आठवड्यांत प्रभूच्या येण्याची वाट पाहायची असते, लग्न लावायचं नसतं. मी डोळे मिटून इतक्या तळमळीनं वाट पाही, की मंडळीतल्या म्हाताऱ्या माझ्याकडे बोट दाखवून आपापल्या पोरांना बोल लावत. मी नेमकी कोणाची वाट पाहत होतो, हे त्यांना सांगण्यात काही अर्थ नव्हता.

नाताळच्या दिवशी येऊन लग्न लावतो, असा साहेबांचा शब्द होता. सासरे मुलीला घेऊन आधीच आमच्याकडे उतरले होते. त्यांनी ओसरीवर बसून साफ सांगितलं, "नाताळाचं जेवन होईपर्यंत थांबतो. तवर तुमचा पादरी आला त बरं. नाई आला त मी पोरीले घेऊन चाललो. वावरात कापूस फुटून राह्यला न् मी इथं पाव्हना म्हनून बसू? मंग तिच्यासाठी दुसरं घर पाहीन."

"मामाजी, साहेबांनी शब्द देल्ला हाये," मी म्हणालो.

"शब्दाले बैल जुततेत का? अख्ख्या वऱ्हाडात एक गाडी रिकामी नाई. येईन कशात तो?"

हे खरं होतं. गाडी मिळालीच, तरी गावाच्या तोंडाशी नाला होता. कापसाच्या गाड्यांनी त्याची अशी दशा केली होती, की एकदा एक गाडी त्यात उतरली आणि वर फक्त गाडीवानाचं पागोटं राहिलं. ते आम्ही अदबीनं काठावर ठेवलं. तो दोन दिवसांनी वर आला, तेव्हा त्याला कामी आलं.

आगमनकाळाच्या शेवटच्या रविवारी आमच्या उपदेशकांनी प्रार्थनाघरात वचन वाचलं. रानात प्रभूसाठी वाट सरळ करा, दऱ्या भरून निघतील, डोंगर सखल होतील, असा त्याचा आशय. माझे बाबा तिथंच उठून उभे राहिले. "झालं! देवानं सोताच सांगतलं. नाला भरन तो."

आई बायकांच्या बाजूनं म्हणाली, "देवाजवळ फावडं नाई. तुमच्याजवळ हाये."

उपदेशकांनी घसा खाकरला. दोन्ही मतं शास्त्राला धरून आहेत, म्हणाले.

मग मला सुचलं. गावाबाहेर सरकी काढायचे रेचे चालत आणि कापसातून निघालेल्या त्या सरकीचा तिथं डोंगर झाला होता. खरोखरचा डोंगर. वर चढलं की पार मेळघाटातल्या सेमाडोहचा वाघ जांभई देताना दिसे. मी म्हणालो, "तो डोंगर या दरीत टाकू. एकाच टोपल्यात दोन वचनं पुरी होतेत!"

मंडळी भारावली. नाताळाच्या आदल्या दिवशी आम्ही गाणी म्हणत म्हणत डोंगर सखल केला आणि दरी भरली. वर माती पसरायला मात्र कोणाच्या अंगात बळ उरलं नाही. सरकी म्हणजे बैलांची बासुंदी, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. पण त्या दिवशी आम्ही शेतकरी नव्हतो, संदेष्टे होतो.

नाताळ उजाडला. उपासना झाली, जेवणं वाढली गेली. मी एक घास बत्तीस वेळा चावला, मग तोच घास पुन्हा चावायला घेतला. शेवटी आई म्हणाली, "गीळ बे आता." मी गिळला आणि सासऱ्यांनी गाडी जुंपली. मुलगी मागं बसली. मी खांदे पाडून गाडीमागून चाललो, आणि माझ्यामागून सगळं गाव.

नाल्यावर सासऱ्यांचे बैल थांबले, माना खाली घातल्या आणि खाऊ लागले. शेपट्या पिळल्या, शिव्या दिल्या. हलायचं नाव नाही. समोर पाहतो तर पलीकडून आलेली पहिली गाडी नाल्यात उभी, तिचे बैल खातायत. तिच्यामागं थेट क्षितिजापर्यंत कापसाच्या गाड्या, सकाळपासून अडकलेल्या.

"कोन्या गाढवानं सरकी टाकली रे इथं?" पलीकडून एक गाडीवान ओरडला.

"तुया बैलाले आवर!" सासरे गरजले.

"तू आवर तुया! माह्या गाडीवर पादरी निजेल हाये, मले त्याले पोचवाचं हाये!"

मी त्याच्या गाडीवरच्या कापसाच्या ढिगावर झेपावलो. साहेब पांढरी दाढी पसरून त्यात झोपले होते. दाढी कुठं संपते आणि कापूस कुठं सुरू होतो ते कळेना. मी मूठभर ओढलं, तो कापूस निघाला. दुसऱ्यांदा ओढलं, तेव्हा साहेब ओरडले.

सासऱ्यांची गाडी पुढं जाईना, साहेबांची अलीकडे येईना. मग साहेबांनी गाडीवर उभं राहूनच पुस्तक उघडलं. गाडीवान वऱ्हाडी झाले. मी होय म्हणालो, ते म्हणे अमरावतीला ऐकू गेलं.

मग साहेबांनी मुलीला विचारलं. तिनं पदर सावरला, नाल्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आंधी सांगा, सरकी टाकाची अक्कल कोनाची?"

सगळं गाव माझ्याकडे पाहू लागलं.

"देवाचं वचन होतं," मी पुटपुटलो.

"वचन देवाचं. अक्कल ह्यायची दिसते." तिनं सुस्कारा टाकला. "होय म्हनते, साहेब. कोनी तरी ध्यान ठेवाले पाह्यजे ह्यायच्यावर."

तिचं मन बदलायच्या आत साहेबांनी घाईघाईनं आमेन म्हटलं.