इंजिनाला गार वारं

गॅरेजमधले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते ग्रीससारखे हाताला लागतात आणि घरी जाऊन साबणाने कितीही घासलं तरी नखात थोडे उरतातच. माझ्या नखात उरलेले बहुतेक किस्से एकाच गाडीचे आहेत. खरं सांगायचं तर त्या गाडीच्या एकाच पाइपचे!

तेव्हा मी पुण्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होतो. शनिवारी एसटीने वरवंडला घरी जायचो, पण तिकीट यवतचंच काढायचो. यवतला हायवेपासून जरा आत दिनकरआप्पांचं गॅरेज होतं. तिथे ट्रॅक्टर यायचे, ट्रक यायचे, आणि त्यांच्यामध्ये चुकून आल्यासारखी एक लाल, दोन दारांची जपानी स्पोर्ट्स कार उभी असायची. ती माझ्या शाळेतल्या मित्राची, विकासची. त्याचा मावसभाऊ कायमचा परदेशी जाताना ती याच्या गळ्यात मारून गेला होता.

आप्पा तिला 'बशी' म्हणायचे. "हिच्यात बसायचं का निजायचं, ते आधी सांग," हा त्यांचा पहिला प्रश्न होता. उत्तर आम्ही अजून दिलेलं नाही.

*

पुण्याच्या बाजूला एका बंद पडलेल्या धावपट्टीवर काही हौशी मंडळी गाड्या पळवून वेळ मोजायची. विकासला तिथे जायचं होतं. त्याने कुठूनसा एक कॅटलॉग आणला. त्यात चकचकीत पाइप होते आणि पाइपाच्या टोकाला फिल्टर. हा पाइप लावला की इंजिनाला गार हवा मिळते आणि ताकद वाढते, असं त्यात लिहिलं होतं.

आप्पांनी चित्र लांब धरून पाहिलं. "इंजिनाला गार वारं कशाला? ते काय जेवून आडवं होतंय व्हय?"

मी लगेच खडू घेऊन शटरवर आकृती काढली. गार हवा दाट असते. दाट हवेत ऑक्सिजन जास्त. ऑक्सिजन जास्त तर पेट्रोल जास्त जळणार. माझं चांगलं दहा मिनिटं चाललं होतं. विकासचे वडील, म्हणजे आबा, बाकावर बसून शांतपणे ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजी थंडी पायजे?"

"हो आबा!"

"मंग पुसात पळीव की. पाइप कशाला?"

शटरवरची आकृती मीच पुसली.

*

कॅटलॉगात दोन प्रकार होते. एक आखूड, इंजिनाजवळच तोंड असलेला. दुसरा लांब, त्याचं तोंड खाली बंपरच्या मागे. विकासने आधी पुण्याच्या एका दुकानातून आखूड आणला, कारण तो तयार मिळाला. गाडी सुरू केली आणि तो असा काही घुमला की समोरच्या रसवंतीतलं गिऱ्हाईक ग्लास ठेवून बघायला आलं.

"वीस टक्के तरी ताकद वाढली!" विकास म्हणाला. गाडी अजून जागची हललीही नव्हती.

मला हे सहन होत नाही. जे मोजता येतं त्याबद्दल माणसं मत का देतात? तेव्हा हायवेचं चौपदरीकरण चालू होतं आणि भांडगावजवळ नव्या रस्त्याचा एक तुकडा तयार होऊनही बंद होता. मी शाळेतल्या पीटीच्या सरांकडून स्टॉपवॉच आणलं. कंपनीची जुनी फिल्टरची पेटी लावून तीन फेऱ्या, नवा पाइप लावून तीन फेऱ्या.

तिन्ही वेळा जुनी पेटी पुढे!

"स्टॉपवॉच बिघडलंय," विकास म्हणाला.

"याच स्टॉपवॉचवर तू दहावीत शंभर मीटरला बाद झाला होतास."

"तवा बी बिघडलेलंच हुतं!"

*

नवा पाइप का हरला, ते आम्हाला कळेना. सांगितलं संतोषने. आणि इथे संतोषबद्दल सांगायलाच हवं, कारण या पाइपात खरा जीव त्याचाच अडकला होता.

संतोष दौंडच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन आला होता. त्याच आठवड्यात गॅरेजचा टायरवाला माणूस सोडून गेला. आप्पा म्हणाले, "दोन दिस टायर बघ." त्या दोन दिवसांना आता चार वर्षं झाली होती. इंजिन उघडलं की हा हातात ट्यूब घेऊन लांबून बघायचा. आप्पा वाईट नव्हते. पण टायरला दुसरा माणूस मिळत नव्हता, आणि इंजिनाला आप्पा स्वतः होते.

त्या दिवशी ट्यूब घासता घासता तो म्हणाला, "त्यो फिल्टर रेडिएटरच्या मागं उकडतोय. गरम वारंच पितोय त्यो. ट्रॅक्टरचं नाक बघा कुठं असतंय. बॉनेटच्या वर. धूळ बी खाली, धग बी खाली. हिचं नाक काचंपाशी वर काढायला पायजे."

मी ओशाळलो, कारण शटरवर आकृती मी काढली होती आणि बॉनेटखाली डोकावला होता तो.

"तू बनवशील?" विकासने विचारलं.

संतोष आप्पांकडे बघायला लागला. आप्पांनी पानाची पिंक टाकली. "बनव. पुण्याला जाऊन गाडी धड परत आली, तर उद्यापासनं इंजिन तुझ्याकडं. वाटंत बंद पडली, तर जलमभर टायर. परत त्वांड उघडायचं न्हाई."

संतोषने हातातली ट्यूब खाली ठेवली आणि विकासच्या गाडीचं बॉनेट उघडलं. चार वर्षांत पहिल्यांदा, न विचारता.

*

पाइपासाठी आम्ही शिरूरला गेलो. तिकडच्या कारखान्यांचं भंगार एका उत्तरेकडच्या भय्याच्या वखारीत यायचं. संतोषने अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा ढीग उपसायला घेतला. प्रत्येक नळी डोळ्याला लावून आतून बघायची, मग तोंडाला लावून फुंकायची, मग हात धरून वारा कुठे अडतोय ते बघायचं. एक तास झाला. नळ्या वेगवेगळ्या सुरात वाजत होत्या.

शेवटी भय्या गल्ल्यावरून उठून आला. "भाईसाब, लगाना है कि बजाना है?"

*

पाइप झाला. पण गाडीतल्या पाइपातली हवा खरंच गार आहे का, हे मोजायला हवं! कॉलेजचा काचेचा थर्मामीटर लांब होता, पाइपात जाईना. भांडगावच्या दूध संकलन केंद्रात सोपानकाकांकडे घड्याळासारखी तबकडी असलेला छोटा थर्मामीटर होता. तो मागून आणला आणि पाइपात बसवला.

सावलीत, कॉलेजच्या थर्मामीटरवर, अडतीस. पाइपात पस्तीस.

मी दोनदा बघितलं. बाहेरच्या हवेपेक्षा आतली हवा गार! ना बर्फ, ना पंखा, ना काही. त्या दुपारी मला वाटलं, आपल्या हातून काहीतरी घडलंय. मी वहीत शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा लिहिलं. सरांना सोमवारी काय सांगायचं ते मनात घोकत थर्मामीटर परत द्यायला गेलो आणि सोपानकाकांना आनंदाने सगळं सांगितलं.

काका कॅन धूत होते. "आरं, त्यो तीननं कमीच दावतोय."

"बिघडलाय?"

"बिघडला कशाला? बसवलाय तसा. टँकरचा सायब गार दूध मागतोय, न्हाईतर परत लावतोय."

परत आल्यावर मी मान खाली घालून संतोषला सांगितलं. माझीच चूक! दोन ठिकाणी दोन थर्मामीटर लावायचे नसतात हे पहिल्या वर्षात शिकवतात.

संतोषने विचार केला. "म्हंजी आपली हवा बी पास झाली."

*

तरी विकासचं मन कॅटलॉगातल्या लांब पाइपात अडकलेलं होतंच. खाली तोंड, बंपरच्या मागे, थेट समोरून हवा. "परदेशातले लोक येडे आहेत का?" असं तो दर तासाला विचारायचा. पुण्याला जायला एकच आठवडा उरला होता.

मग संतोषने मारुतीमामांना आणलं. मामा गुऱ्हाळावर गुळव्या होते. उकळत्या काहिलीसमोर उभं राहून नुसत्या हाताने पाक ओळखण्यात त्यांची उभी हयात गेली होती. मी मनात म्हटलं, थर्मामीटर हरला म्हणून आता हात! पण ते भर दुपारी रस्त्यावरच उकिडवे बसले. एक तळवा बंपरपाशी धरला, एक काचेपाशी. डोळे मिटले. हात अदलाबदल केले. पुन्हा मिटले.

"खाली डांबराची धग हाय. वर चांगला दोन-तीन डिगरीचा फरक हाय."

मी कॉलेजचा थर्मामीटर दोन्ही जागी धरून बघितला. एकच थर्मामीटर, बरं का! फरक अडीच.

"मामा, तुम्हाला डिग्री कशी कळते?" मी विचारलं.

"तुला कळाया शिकवत्यात ना कालेजात?" मामा उठत म्हणाले. "किती वर्सं झाली?"

"चौथं चालू आहे."

"हुईल, हुईल."

*

एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही तिघं पुण्याला गेलो. विकास, संतोष आणि मागच्या नावापुरत्या सीटवर मुटकुळं करून मी. विकासचा नंबर वगैरे आला नाही. त्याची वेळ मात्र भांडगावच्या आमच्या सगळ्या फेऱ्यांपेक्षा चांगली होती. पण वेळ कुणी विचारलीच नाही. सगळे बॉनेटभोवती! संतोषने पाइपाच्या तोंडावर ट्रॅक्टरच्या फिल्टरची टोपी बसवली होती, आणि ती तशीच ट्रॅक्टरच्या रंगाची होती.

तिथे रोहन नावाचा एक जण होता. त्याची गाडी आमच्यासारखीच, पण तिला कॅटलॉगातला लांब पाइप. माणूस सरळ होता. हसला नाही. खाली बसून, वाकून, सगळं बघून म्हणाला, "हे जिथे बनलं ते गॅरेज मला बघायचंय. आत्ता."

म्हणून परतताना दोन गाड्या. यवतला हायवे सोडला आणि आप्पांच्या गॅरेजकडे जाणाऱ्या आतल्या रस्त्याला लागलो. ऊन रणरणत होतं, आभाळात ढग नव्हता, आणि समोर, जिथे रस्ता ओढ्यात उतरतो तिथे, बंपरला लागेल एवढं पाणी!

रोहनने काच खाली करून विचारलं, "हे कुठून आलं?"

"लाइट आली," संतोष म्हणाला.

रोहनने वर सूर्याकडे बघितलं. आमच्याकडे विहिरींवरच्या सगळ्या पाण्याच्या मोटारी ऑटोवर टाकलेल्या असतात. लाइट आली की आपोआप सुरू होतात. मालक घरी जेवत असतो आणि पाणी वावर भरून रस्त्यावर येतं. हे सगळं त्याला तिथे उभं राहून कोण सांगणार? विकासने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि हळूहळू पाणी कापत पलीकडे काढली. संतोषने श्वास सोडला तो मला मागे ऐकू आला.

रोहन मागोमाग आला. बरोबर मध्यावर त्याच्या गाडीने एक उचकी दिली आणि ती गप्प झाली.

विकास काहीतरी बोलणार, तोवर संतोष दार उघडून पाण्यात! "सेल मारू नका! सायेब, सेल मारू नका! इंजिनात पानी गेलंय, रॉड वाकंल!" रोहनने चावीवरचा हात तसाच वर उचलला, पोलिसांनी पकडल्यासारखा.

ट्रॅक्टर बोलावून आम्ही ती गाडी ओढत गॅरेजला आणली. आप्पा दारात उभे होते. त्यांनी आधी आमची गाडी बघितली. सुरू होती. मग मागची बघितली. तिच्या बंपरमागून पाणी गळत होतं. बॉनेट उघडायला ते पुढे झाले, पण संतोष आधीच तिथे वाकला होता.

"आप्पा, प्लग काढून पानी भाइर काढाया पायजे. लगेच. थांबून चालनार न्हाई."

आप्पांनी त्याच्याकडे बघितलं, रोहनकडे बघितलं. खिशातून प्लगपाना काढून संतोषच्या हातात दिला आणि ते आत गेले.

तेवढ्यात दारात एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर केबिनमधून ओरडला, "ओ मिस्त्री! पंक्चर हाय!"

सवयीने संतोषची मान वळली.

कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीपाशी आप्पा धोतर खोचून बसले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात, ट्यूब दाबून बुडबुडे शोधत. मान वर न करता ते ओरडले, "हिकडं घ्या टायर! पंक्चरला मी हाय. त्या मिस्त्रीला हाक मारू नगा, त्यो इंजिनात हाय."