पाण्याखालचे पाय

माझ्या डाव्या पोटरीवर शाळेत असतानाच एक पांढरा डाग उठला. आधी नखाएवढा होता, लग्नापर्यंत तळहाताएवढा झाला. आईनं वैद्याकडून बावचीचं तेल आणून चोळलं, मला कोवळ्या उन्हात बसवलं. काहीच गुण येईना तेव्हा ती म्हणाली, "तू पाचवारी नेसतेस. पोटरी कुणाला दिसतेय? सासरी बोलू नकोस." मला बघायला आले तेव्हा चालून दाखवायला सांगितलं, तेव्हाही मी साडी घोट्याखाली ओढूनच चालले. चाल पसंत पडली.

नवऱ्याला अर्थातच लग्नानंतर कळलं. ते सोलापुरात एका शाळेत विज्ञान शिकवायचे. "एवढंच ना?" म्हणाले. "हा काही लागणारा रोग नाही." मी त्यांच्याकडून एवढंच वचन घेतलं की गावाकडं सांगायचं नाही. सासूबाई वळसंगला शेतावर राहायच्या, आमच्याकडं सणावारीच यायच्या, त्यामुळं लपवणं अवघड नव्हतं. पण त्या आल्या की मी पाय धुवायलासुद्धा मोरीचं दार लावून घ्यायची.

नवऱ्याला फोटोंचा भारी नाद. दोन भिंगं एकाखाली एक असलेला, वरून मान घालून बघायचा कॅमेरा त्यांनी जुना विकत घेतला होता. सुट्टी असली की सायकलवर डबल सीट घेऊन मला हिप्परग्याच्या तलावावर न्यायचे. तलावाचे त्यांनी पुष्कळ फोटो काढले आणि सगळ्यांत पाणी म्हणजे नुसता पांढरा पत्रा यायचा. त्यावर ते हळहळायचे. मग त्यांच्या जहाजावर नोकरीला असलेल्या मित्रानं परदेशातून एक फिल्टर आणून दिला. काळसर काच आणि भोवती फिरणारी कडी. पोलरायझर म्हणतात त्याला, असं त्यांनी मला सांगितलं. पाण्यावरची चकाकी म्हणजे एकाच दिशेनं थरथरणारा उजेड असतो आणि ही काच नेमका तेवढाच अडवते, हे त्यांनी हातवारे करून समजावलं. मला अर्धं कळलं.

थंडीतल्या एका रविवारी आम्ही तो घेऊन गेलो. पाऊस सरून बरेच दिवस झाले होते, काठाचं पाणी निवळलं होतं. ते बांधावर उभे राहिले आणि मला म्हणाले, "पाण्यात जा थोडी. नुसतं पाणी असलं की मोठं किती ते कळत नाही. माणूस हवं."

"साडी भिजेल."

"वर धर की. इथून पाण्यातलं काही दिसत नाही, नुसतं आभाळ दिसतंय."

मी खाली बघितलं. खरंच पाण्यावर ऊन चमकत होतं, खालचं काहीच दिसेना. आसपास कुणी नव्हतं. मी गुडघाभर पाण्यात गेले आणि साडी पाण्याच्या वर धरून उभी राहिले. गार पाणी पोटऱ्यांना लागत होतं आणि मला फार बरं वाटत होतं. लग्नाआधीपासून उघड्यावर मी असे पाय मोकळे सोडले नव्हते. नवऱ्यानं फिल्टर आधी नुसता डोळ्याला लावला. त्या कॅमेऱ्यात बघायचं भिंग वेगळं आणि फोटो काढणारं वेगळं, त्यामुळं फिल्टरनं काय होतं ते वरून दिसायचं नाही. डोळ्यासमोर धरून कडी फिरवायची, हवं तसं दिसलं की कडीवरच्या ठिपक्याची जागा लक्षात ठेवायची आणि तसाच तो खालच्या भिंगावर बसवायचा. ते कडी फिरवत होते आणि मधेच थांबले. बराच वेळ बघत राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. हलू नकोस. याच्यानं उजेड कमी होतो, जरा वेळ लागेल."

मी हलले नाही.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला सासूबाई आल्या, बरोबर माझ्या चुलत सासूबाईही होत्या. त्याच दिवसांत सोलापुरातल्या हौशी फोटोवाल्यांनी एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं होतं. नवऱ्यानं काढलेला एक फोटो त्यात होता. मोठी प्रत त्यांनी परस्पर हॉलवरच पोचवली होती, मला गंमत म्हणून आधी दाखवली नव्हती. जत्रेतून परतताना मीच दोघींना म्हटलं, चला, तुमच्या मुलाचा फोटो बघून जाऊ. मला त्यांचं कौतुक मिरवायचं होतं.

फोटो समोरच्या भिंतीवर होता. तळ्याचं पाणी काचेसारखं पारदर्शक झालं होतं. तळाचे गोटे, शेवाळ, एक बारकी मासोळी, सगळं दिसत होतं. आणि मध्यभागी माझे दोन्ही पाय गुडघ्यांपासून बोटांपर्यंत दिसत होते. काळ्यापांढऱ्या फोटोत डाव्या पोटरीवरचा डाग चुन्याचा फराटा ओढावा तसा उठला होता. वर माझा चेहरा हसत होता.

मी पदर ओढून घेतला, जणू त्यानं भिंतीवरचं झाकलं जाणार होतं. फोटोसमोर चार-पाच माणसं उभी होती. त्यातला एक दुसऱ्याला म्हणत होता, "पाणी बघा हो कसं धरलंय."

चुलत सासूबाई पुढं वाकल्या. "ही आपली सूनच की. आन् पायाला काय गं ते पांढरं?"

सासूबाईंनी फोटोकडं एकदा बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही.

"भाजलंय ते," त्या म्हणाल्या. "ल्हानपनी दुदाचं पातेलं सांडलं पायावर. तुला सांगितलं न्हवतं व्हय?"

"न्हाय बाई. लई भाजलं म्हनायचं."

"लई भाजलं," सासूबाई म्हणाल्या आणि चपला घालायला दाराकडं वळल्या.

घरी आल्यावर चुलत सासूबाई बाहेरच्या खोलीत आडव्या झाल्या. सासूबाई स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कवापासनं हाय?"

"लग्नाआधीपासून."

"त्याला ठाव हाय?"

"आहे."

"म्हंजी मलाच न्हवतं." त्यांनी बाहेरच्या खोलीकडं एकदा बघितलं. "पोरीचं लगीन ठरतंय माज्या. जितं ठरतंय, त्याच गावात ह्या बाईचं म्हायेर हाय. म्हनून बोलले. न्हायतर मला खोटं बोलायची सवय न्हाय."

त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागं घेतले. रागानं नव्हे, दमल्यासारखे.

नवरा आल्यावर मी त्यांना अंगणात गाठलं. "तुम्हाला तेव्हा दिसलं होतं?"

"दिसलं होतं," ते म्हणाले. त्यांनी नाकारलं नाही.

"मग?"

"मला वाटलं, लोकांनी बघितलं, कुणी काही म्हटलं नाही, की तुझी भीती जाईल. त्यात लपवण्यासारखं काय आहे? आणि फोटो खरंच चांगला आलाय."

"मला विचारलंत का?"

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेल्यावर मी एकटी हॉलवर गेले. प्रदर्शन सांभाळायला एक निवृत्त चित्रकला शिक्षक बसले होते. मी त्यांना म्हटलं, समोरचा तळ्याचा फोटो काढून द्या.

"तो का? सगळे त्याच्यासमोरच थांबतात. पाण्याचा तळ इतका स्वच्छ आपल्याकडं कुणी दाखवला नव्हता."

"त्यातले पाय माझे आहेत."

त्यांनी मान वळवून फोटोकडं बघितलं. आणि मग, मला ज्याची भीती होती तेच झालं, त्यांची नजर खाली माझ्या पावलांकडं आली. लगेच त्यांनी ती उचलली. पुढं काही न विचारता खुर्चीवर चढून त्यांनी फोटो उतरवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. मी त्यांचे आभारही मानले नाहीत.

संध्याकाळी नवरा रिकामी भिंत बघूनच घरी आला असणार. जेवून उठले आणि वह्या तपासायला बसले. पुढं कधीतरी भाजी निवडताना माझ्याजवळ बसून म्हणाले, "मी विचारायला हवं होतं." मी मान हलवली. मीही त्यांना न विचारता त्यांचा फोटो काढून आणला होता, ते माझ्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. ते तलावावर परत गेले नाहीत. नंतर त्यांनी शाळेच्या संमेलनांचेच फोटो काढले.

नणंदेचं लग्न वळसंगला झालं. तिथं मला कळलं की दुधाच्या पातेल्याची गोष्ट गावभर झाली होती. चुलत सासूबाईंच्या तोंडी त्या गोष्टीला हातपाय फुटले होते. चूल, मांजर, माझं किंचाळणं, सगळं त्यांना माहीत होतं. मांडवात एका बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "केवढी होतीस गं तवा?"

"सात वर्षांची," मी म्हणाले.

"गरीब बिचारी." त्या बाईच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. समोर सासूबाई पंगतीत भात वाढत होत्या. त्यांनी ऐकलं होतं, कारण त्यांचा हात थांबला. पण त्यांनी वर बघितलं नाही. न भाजलेल्या पायासाठी दुसऱ्याची माया घेताना मला जेवढी लाज वाटली तेवढी त्या हॉलमध्येही वाटली नव्हती.

काही वर्षांनी डाग हाताच्या बोटांवर आले, मग ओठाच्या कडेला. आता दुधाचं पातेलं कामाचं नव्हतं. मी गावाकडं जायचं टाळू लागले. कधी मुलाची परीक्षा, कधी पाहुणे. एकदा सासूबाईच एसटीनं आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"यात्रंला का न्हाय आलीस?"

मी हात पुढं केले. "लोकांना काय सांगायचं?"

"सांगितलंय मी. सुनंला कोड हाय म्हनून सांगितलं."

"आणि ते भाजल्याचं?"

"खोटं बोलले व्हते, ते बी सांगितलं. एक-दोघी हसल्या. हसू दे." त्यांनी पिशवीतून शेंगा काढून परातीत ओतल्या. "उद्या चल माज्यासंगं."

त्यांनी भर बायकांत उभं राहून ते कसं सांगितलं असेल, हे मी मनात आणून बघत होते. मला ते अजूनपर्यंत एकदाही जमलं नव्हतं आणि मांडवातल्या त्या बाईला खरं सांगायचं तर राहूनच गेलं होतं. मला त्यांच्याकडं बघवेना. मी खाली मान घालून शेंगा फोडायला बसले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर गेले.