सहा चाकांची सवारी

आमच्या घरात गाड्यांचं वेड मला आहे, नवऱ्याला नाही, हे लोकांना दोनदा सांगावं लागतं. कोल्हापूरहून मी म्हैसूरला आले ती गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. लग्न पुढे झालं, इथेच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी शिंप्यांच्या घरात. विजयनगर भागातल्या आमच्या घरात आता सासूबाई, नवरा आणि मी असे तिघं राहतो, आणि जिन्याखाली माझा रिमोटवर चालणारा ट्रक राहतो. सहा चाकांचा, दीड हात लांब, मागे हौदा. रविवारी मी तो रिकाम्या प्लॉटवर नेते, खडीने भरते आणि चढावर घालते. सासूबाई त्याला 'तुझं ते खेळणं' म्हणायच्या. मी दरवेळी 'मॉडेल' म्हणून दुरुस्त करायची आणि त्या दरवेळी 'हो, तेच' म्हणायच्या.

हे खेळणं कामाला आलं ते दसऱ्यात. इथे दसऱ्याला घरोघर पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात आणि सगळ्यात वर लाकडाचे राजा-राणी बसतात. ही जोडी आई लेकीला लग्नात देते. सासूबाईंना त्यांच्या आईने दिलेली जोडी रक्तचंदनाची आहे, वीतभराहून उंच आणि हातात घेतली की मनगट खाली जाईल इतकी जड. विजयादशमीला गावात हत्तीवरून सवारी निघते, त्याच वेळी आमच्या घरी या दोघांची निघायची. सासरे पितळी परातीत राजा-राणीला घेऊन हॉलमधून व्हरांड्यात यायचे, स्कूटरसाठी केलेल्या उतारावरून अंगणात उतरायचे, तुळशीला वळसा घालून परत वर चढायचे. मागोमाग सासूबाई. सासरे गेले आणि सवारी थांबली. गेल्या दसऱ्याला जोडी पेटीतून बाहेरसुद्धा निघाली नाही.

यंदा सासूबाईंनी बाहुल्या मांडल्या, पण मांडता मांडताच सांगून टाकलं की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची भाची कृष्णराजनगरहून येईल आणि राजा-राणीला घेऊन जाईल. पोटची लेक नाही, तर भाची लेकीसारखीच. शिवाय ज्या घरात सवारी काढायला कोणी नाही तिथे त्यांना 'सुम्ने' बसवून ठेवू नये. सुम्ने म्हणजे उगाच. हा त्यांचा लाडका कन्नड शब्द आहे आणि तो दिवसातून मला बऱ्याचदा लागू होतो.

सवारी काढायला कोणी नाही असं मुळीच नव्हतं. नवरा होता की. पण त्याने लहानपणी एकदा राणीला पाडलं होतं आणि तिच्या नाकाचा टवका उडाला होता. आता तो चांगला टकला झालाय, तरी त्याने परातीकडे बघितलं की सासूबाई राणीच्या नाकाकडे बघतात आणि विषय संपतो. त्यांचा स्वतःचा खांदा धरलेला, परात उचलवत नाही. राहिले मी. मी म्हटलं, मी घेते परात.

"तुला कशाला सुम्ने त्रास?" त्या म्हणाल्या.

हे वाक्य किती गोड असतं आणि किती दूरचं, ते ज्या सुनांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. असं आपण पाहुण्यांना म्हणतो, ताट उचलायला निघालेल्या. मला राग आला आणि रागाच्या खाली वाईटही वाटलं. ती जोडी मला हवी होती. सुबक आहे म्हणून नव्हे; ती ज्या घरात राहील त्या घरची मी आहे, हे कुणीतरी एकदा मान्य करावं म्हणून. पण असं तोंडाने बोलायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून मी तणतणत म्हटलं की मग ट्रकवरून काढू सवारी.

मला वाटलं आता हसतील. त्या जिन्याखाली वाकून ट्रक बघून आल्या.

"त्याला कुणी हात लावायला नको, अल्वा?" त्यांनी शेवटी कन्नडमधलं 'हो ना' लावून विचारलं. मग म्हणाल्या की एक फेरी न पडता, न अडता पुरी झाली तर भाचीचं काय ते बघू. मला तेवढं 'बघू' पुरलं.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. खऱ्या जोडीला तालमीत उभं करायची परवानगी नव्हती, म्हणून खलबत्ता राजा झाला आणि उभा बांधलेला वरवंटा राणी. सासूबाईंनी मखमलीची गादी शिवली आणि बसायची जागाही ठरवली: हौद्याच्या अगदी मागच्या टोकाला, उंच. अंबारी कशी दिसते, तशी. पुढच्या भागात फुलं.

ट्रक व्हरांड्यातून थाटात निघाला, अंगणात उतरला आणि तुळशीपाशी मी रिमोट डावीकडे वळवला तर सरळ जाऊन कंपाउंडला धडकला. पुन्हा केलं, पुन्हा कंपाउंड. सासूबाई खुर्चीवर बसून म्हणाल्या की तुळस डावीकडे आहे. मी म्हटलं, मला माहीत आहे, आई.

कारण साधं होतं. सगळं ओझं मागच्या चाकांच्याही मागे, त्यामुळे ट्रकचं नाक वर उचललेलं. पुढची चाकं जमिनीला नुसती शिवत होती. ती कितीही वळवा, जमिनीवर भारच नाही तर पकड कुठली येणार? राजा-राणीला पुढे, ड्रायव्हरच्या केबिनला टेकवून बसवायला हवं होतं. हे ऐकून सासूबाईंचा चेहरा असा झाला की जणू मी राजा-राणीला बाजारच्या टेम्पोत बटाट्याच्या पोत्यांवर बसवायला निघाले होते.

"आमच्या ह्यांनी कधी असं कोंबून बसवलं नाही," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी तालीम तिथेच मोडली. सकाळी बघते तर मखमलीची गादी केबिनमागे सरकवलेली आणि उंची वाढवायला खाली आणखी एक उशी शिवलेली. उशी मी निम्मी केली, कारण ओझं उंच गेलं की वळणावर ट्रक कलंडतो. मग त्यांनी तोंड वाकडं केलं, मग मी केलं, आणि शेवटी पाऊण उशीवर मिटलं. पुढच्या ॲक्सलवर मी शिशाचे तुकडे बांधले.

आता ट्रक वळायला लागला, पण मनाविरुद्ध. पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर ओझ्याखाली नुसती कण्हायची. वर ती आणि रिमोटचा हुकूम पकडणारा रिसीव्हर एकाच ठिकाणाहून वीज घेत होते. मोटरने जोर लावला की रिसीव्हरचा जीव जायचा आणि ट्रक ध्यान लावून उभा राहायचा. दुप्पट ताकदीची, धातूच्या दात्यांची मोटर बसवली आणि तिला वेगळी वीज दिली. चाकांना मऊ रबराचे टायर चढवले आणि त्यांची चकाकी पॉलिशपेपरने घासून काढली, कारण आमच्या हॉलची फरशी सासूबाई रोज अशी पुसतात की माणूसही बेताने चालतो.

तरी तुळशीचा वळसा बसेना. दोन संध्याकाळी डोकं धरून बसल्यावर माझी मलाच चूक दिसली. खडीच्या चढासाठी मी मागची चाकं एकमेकांना जखडून ठेवली होती. चढावर ते बरं, एक घसरलं तरी बाकीची ओढतात. पण वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरायचं असतं, आतल्याला कमी. जखडलेली चाकं कुणाचं ऐकत नाहीत, सगळी मिळून ट्रकला नाकासमोर ढकलतात. मग रिमोटवर एक खटका घेतला: वळताना चाकं मोकळी, चढताना जखडलेली. खलबत्त्याने आणि वरवंट्याने तुळशीला पहिला पूर्ण वळसा घातला तेव्हा नवऱ्याने त्यांना नमस्कार केला. सासूबाई हसल्या नाहीत, पण त्या संध्याकाळी त्यांनी जुन्या पैठणीच्या काठाचे दोन पट्टे शिवून दिले. राजा-राणीला बांधायला.

विजयादशमीला दुपारी टीव्हीवर हत्ती निघाला आणि आमच्याकडे ट्रक. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने आधी राजा, मग राणी बसवली, पट्टे ओढून बघितले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. हॉल पार पडला, व्हरांडा पार पडला, उतारावरून ट्रक अदबीने खाली आला. तुळशीपाशी मी खटका दाबला, चाकं मोकळी केली आणि ट्रक असा वळला की शेजारच्या काकूंनी कुंपणापलीकडून टाळ्या वाजवल्या. चाकं पुन्हा जखडली. आता फक्त चढ उरला होता. तालमीत तो एकदाही नडला नव्हता.

पण तालमीत कुणी फुलं उधळली नव्हती. सवारी येताना बघून सासूबाईंना राहवलं नाही आणि त्यांनी व्हरांड्यातून शेवंतीच्या पाकळ्यांची ओंजळच्या ओंजळ उधळली. सगळ्या उतारावर पसरल्या. ट्रक अर्ध्यावर आला, मागच्या चाकांखाली पाकळ्यांचा लगदा झाला आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी जोर वाढवला तर ट्रक वीतभर मागे घसरला. राणी पट्ट्यात तिरकी झाली. जोर कमी केला असता तर सगळंच खाली आलं असतं. मला रिमोट सोडता येईना. नवरा धावला.

"तू नको," सासूबाई त्याला म्हणाल्या, आणि तो धावता धावता थांबला.

त्या खाली उतरल्या. तो धरलेला खांदा, ते गुडघे, सगळं घेऊन उतारावरच बसल्या. पदराने ट्रकच्या पुढच्या पाकळ्या झाडल्या, चाकांखालच्या बोटांनी ओढून काढल्या आणि हौद्याच्या मागे दोन्ही तळवे लावले.

"चालव आता. मी आहे इथं." मग माझ्याकडे बघून त्यांनी खुलासा केला, "ढकलत नाही हं मी. नुसतं धरलंय."

मी हळूच जोर दिला. टायरने फरशी धरली. ट्रक चढायला लागला आणि त्याच्यामागे तळवे लावून सासूबाई बसल्या बसल्या एकेक बोट वर सरकत आल्या. व्हरांड्यात पोचल्यावर त्यांनी हात काढले. हॉलमधली शेवटची दहा पावलं ट्रक एकटा गेला, आणि मला समोरचं नीट दिसत नव्हतं हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

अट न पडता, न अडता अशी होती. अडलो तर होतो. मी रिमोट बंद केला. सासूबाईंनी राणीला सरळ केलं, गुडघे चोळत खुर्चीवर बसल्या, नवऱ्याला फोन लावायला सांगितलं आणि भाचीशी बराच वेळ कन्नडमध्ये इकडचं तिकडचं बोलल्या. शेवटी मराठीवर आल्या.

"उद्या ये गं, जेवायलाच ये. पण न्यायला नको येऊ. इथं त्यांना गाडी आहे." मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "आणि ड्रायव्हर घरचीच आहे."