दोन ‘उगवते तारे’ आणि एक सॉफ्टवेअर

“मॅडम, सिस्टीम बोलतेय तुमच्याकडे डुप्लिकेट कस्टमर आहेत. एकत्र करू?” कुणालने विचारलं.

मी हीट प्रेसवर होते. हीट प्रेस म्हणजे इस्त्रीचा आजोबा. फिल्मवर छापलेलं चित्र त्याच्याखाली दाबून टी-शर्टवर चिकटवतात. त्याच्यासमोर उभं असताना माणूस कोणाच्या प्रश्नाला उत्तर देत नाही, नाहीतर बोटं कस्टमरच्या छातीवर छापली जातात. माझ्याऐवजी भाऊजी बोलले.

“कर, कर! साफसफाई पाहिजेच.”

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, नंदू. डिलाईल रोडवरचं आमचं प्रिंटिंगचं दुकान आम्ही दोघं चालवतो. टी-शर्ट, मग, बिल्ले, बॅनर, जे म्हणाल ते. दुकान एवढंसं आहे की पाच गिऱ्हाइकं आत आली तर सहाव्याने श्वास रस्त्यावर घ्यायचा. आणि गणपतीच्या सीझनला आत पंचवीस माणसं असतात. माझा मोबाईल तेव्हा इतका तापतो की त्यावर कॉलर इस्त्री करून द्यावी.

सॉफ्टवेअर हवं होतं ते याचसाठी. आमच्या धंद्यात छापण्याआधी कस्टमरला मॉकअप पाठवतात, म्हणजे टी-शर्ट तयार झाल्यावर कसा दिसेल त्याचं चित्र. कस्टमर ‘ओके’ म्हणाला की छपाई सुरू. पण मंडळ हा एक कस्टमर नसतो. अध्यक्ष ओके म्हणतो, कार्याध्यक्षाला रंग आवडत नाही, खजिनदाराला बाप्पा बारीक वाटतो आणि सल्लागार तीन दिवसांनी उगवून विचारतो, “माझं नाव कुठाय?” आमच्या कॉम्प्युटरवर एकाच टी-शर्टच्या फायली होत्या ‘फायनल’, ‘खरं फायनल’, ‘आईशप्पथ फायनल’. छापली गेली भलतीच. तेव्हा मी जाहीर केलं, आता सॉफ्टवेअर.

पहिलं आणलं ते परदेशी. त्याने प्रत्येक ऑर्डरला विचारलं, “विंटर कलेक्शन की समर?” डिलाईल रोडला विंटर म्हणजे पंखा दोनवर. दुसरं मुळात मेडिकलवाल्यांचं होतं. ते प्रत्येक मगाची एक्स्पायरी डेट मागायचं. भाऊजींनी वैतागून एका मगाला पुढच्या मंगळवारची तारीख टाकली, तर बुधवारपासून ते बिलच बनवू देईना. तिसरं कुणालचं. दादरला त्यांचं ऑफिस आहे आणि हा पोरगा स्वतः दुकानात येऊन बसला. ऑर्डर टाका, मॉकअप चढवा, कस्टमरच्या व्हॉट्सॲपवर आपोआप लिंक जाणार. त्याने ‘अप्रूव्ह’ किंवा ‘रिजेक्ट’ दाबायचं, शेरा लिहायचा. कोणी काय दाबलं ते नावानिशी कायम राहणार. भाऊजी त्याच्या इतके प्रेमात पडले की लग्नात नवरीकडेही असे बघत नव्हते.

तर भाऊजी म्हणाले “कर” आणि कुणालने केलं.

आता इथे थोडा इतिहास. आमच्या रोडला दोन मंडळं आहेत. खरं नाव लिहिलं तर दुकानावर मोर्चा येईल, म्हणून इथे ‘उगवता तारा मित्र मंडळ’ म्हणू. दोघांचंही नाव तेच. एकच मंडळ होतं; केव्हातरी मूर्ती किती फुटांची यावरून भांडण झालं आणि अर्धे उठून मागच्या गल्लीत गेले. जाताना नाव घेऊन गेले. पुढच्यांनी ते सोडलंही नाही. आजही दोघं म्हणतात, “खरा तारा आमचा.” आम्ही दुकानात ‘पुढचे’ आणि ‘मागचे’ म्हणतो. मागच्यांसमोर ‘मागचे’ म्हणायचं नसतं. पण कॉम्प्युटरवर दोघंही ‘उगवता तारा’ एवढंच. आम्हाला माहीत होतं ना! कॉम्प्युटरला कोण सांगणार?

सिस्टीमने दोघांना एक केलं. जे काम आमदार, नगरसेवक, पोलीस कोणाला जमलं नाही ते या सॉफ्टवेअरने पापणी लवायच्या आत केलं.

आणि लगेच कामाला लागलं. सकाळीच मी पुढच्यांचा मॉकअप चढवला होता, लिंक अजून जायची होती. जांभळा टी-शर्ट, पाठीवर गिरणीची चिमणी आणि तिच्यातून निघणाऱ्या धुरात बाप्पाचा आकार. पुढच्यांचे अध्यक्ष विजूभाऊ यांनी मला बजावलं होतं, “वहिनी, आगमनाच्या दिवसापर्यंत हे कोणालाही दिसता कामा नये.” सिस्टीमने लिंक पाठवली आधी नोंदलेल्या नंबरवर. तो होता मागच्यांचे अध्यक्ष आप्पा यांचा.

मला कळलं ते स्क्रीनवर हिरवी खूण आली तेव्हा. “अप्रूव्ह्ड.” खाली आप्पांचा शेरा: “एक नंबर! असा टी-शर्ट उभ्या गिरणगावात झाला नाही.”

आप्पा आमच्याकडे त्यांच्या मॉकअपची वाटच बघत होते. टी-शर्टवर नावही त्यांचंच. त्यांना शंका का यावी?

भाऊजी पांढरेफटक. कुणाल म्हणाला, “मॅडम, टेक्निकली सिस्टीमची चूक नाही.” मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने लॅपटॉप पोटाशी धरला. “दोघांना आधी वेगळं कर,” मी म्हटलं. “आणि ते एकत्र करायचं बटण कायमचं बंद कर.”

पण बटण बंद करून आप्पांचे डोळे कुठे बंद होतात? डिझाइन बाहेर गेलं ही बातमी पसरली तर विजूभाऊ जाणार. त्यांच्यामागून रोडवरची सगळी मंडळं जाणार. जो छापणारा गुपित राखत नाही त्याच्याकडे गणपतीचं काम कोण देतो? आणि आमचं दुकान वर्षभर गणपतीवरच उभं असतं, मग-बिल्ले नुसते तोंडी लावायला. मी चपला घातल्या आणि मागच्या गल्लीत गेले.

आप्पा मंडपाच्या बांबूंवर नजर ठेवत खुर्चीत बसले होते. मूळचे मालवणचे, पिकलेल्या मिशा, आवाज असा की समोरच्या चाळीतली कबुतरं उडावीत.

“ये गो वयनी! झकास काम केलंस!”

“आप्पा, ते डिझाइन पुढच्यांचं आहे. चुकून तुम्हाला आलं.”

मिशा थांबल्या. “ह्या तेंचा?”

“हो.”

“तरीच! माका तेव्हाच वाटला, तो धूर काळपट दिसता.”

“धूर काळाच असतो, आप्पा.”

“आणि जांभळो रंग कोण घालता? वांगी काय ती?” पाच मिनिटांपूर्वी उभ्या गिरणगावात नव्हता असा टी-शर्ट आता भाजीत गेला होता. आप्पा उठले. “थांब, आता सगळ्या चाळीक सांगतंय तेंचा टी-शर्ट कसो आसा तो.”

मी मोबाईल पुढे केला. “सांगा ना. फक्त हेही सांगावं लागेल.”

त्यांनी चष्मा लावला. हिरवी खूण. आपलं नाव. एक नंबर. उभ्या गिरणगावात. आप्पा हळूच खाली बसले.

“ह्या पुसून टाक.”

“पुसता येत नाही. खाली नवीन शेरा लिहिता येतो.”

आप्पांनी आपल्या मोबाईलवर तीच लिंक उघडली आणि एका बोटाने, एकेक अक्षर जणू खिळा ठोकल्यासारखं, लिहिलं: “भंगार.” आणि ‘रिजेक्ट’ दाबलं. मग इकडेतिकडे बघत आवाज उतरवून म्हणाले, “वयनी, वरचा ता ‘एक नंबर’ कोण बघतला?”

“मी दाखवेन तो. तुम्ही गप्प, तर मी गप्प.”

“चाय घेतंस?”

आप्पांनी चहा विचारणं म्हणजे सह्यांनिशी तह. मी दोन कप प्यायले.

भाऊजी म्हणाले, “झालं! आता विजूभाऊंना कशाला सांगायचं?” मी म्हटलं, “भाऊजी, या रोडला कोणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला काढा उकळायला ठेवतात. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपण सांगू.” मी फोन केला. विजूभाऊ बनियनवरच आले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा टी-शर्टच्या रंगाचा झाला.

“वहिनी, तुमच्यावर भरवसा होता! मी ऑर्डर लालबागला नेतो. आजच!”

“न्या. पण झालं ते मी स्वतः तुम्हाला सांगितलं, एवढं लक्षात ठेवा. डिझाइन फुकट बदलून देते.”

“बदलायलाच पाहिजे! त्या आप्पाने बघितलं म्हणजे...” ते थांबले. माणूस कितीही चिडलेला असू दे, एक प्रश्न त्याला सोडत नाही. “काय म्हणाला तो?”

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. शेवटची ओळ. लाल खूण. “रिजेक्टेड. भंगार.”

विजूभाऊंनी ते एकदा वाचलं. परत वाचलं. मग सणासुदीला बाजार फुलतो तसा त्यांचा चेहरा फुलला.

“आप्पाला भंगार वाटलं?”

“स्वतः लिहिलंय. नाव आहे बघा.”

“अहो, मग याच्याहून भारी डिझाइन असूच शकत नाही! छापा वहिनी. एक रेघ हलवू नका. आणि बायकांच्या आणि पोरांच्या साइजचेही काढा.”

भाऊजी मागे वळून मगांशी उगाच खेळत राहिले. हसू लपवायला दुकानात दुसरी जागाच नाही.

सॉफ्टवेअर आम्ही तेच घेतलं. ओळखीचे प्रिंटिंगवाले विचारतात, निवडताना काय बघितलंत? स्वस्त का, सोपं का? मी सांगते, माणूस आधी काय म्हणाला आणि मग काय म्हणाला, दोन्ही राहतं का ते बघा. आणि स्क्रीन किती वर सरकवायची, ते मात्र आपल्या बोटाने ठरवायचं.