देवळीतलं वायुजहाज

गाडी सुटायला वेळ होता, म्हणून खिडकीशी उभा राहून माझा नवरा मला छळत होता. "बँकेत काय सांगितलंस? कुठे चाललीस म्हणून?" मी म्हटलं, "वर्धा जिल्ह्यात, कामाला." "जहाज बघायला, असं नाही सांगितलंस? समुद्र नाही, विमानतळ नाही, आणि बाईसाहेब निघाल्या देवळीला जहाज बघायला!" गाडी हलली तरी तो हसतच होता. हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्या घरात माझ्या हौसेला मानही नाही.

ही हौस वायुजहाजांची. पहिल्या महायुद्धानंतरच्या वीस वर्षांत सिगारच्या आकाराची, आगगाडीहून लांब अशी अवाढव्य जहाजं हवेतून माणसं नेत असत. आत हलक्या धातूचा सांगाडा, बाहेर ताणून बसवलेलं कापड आणि मधल्या पोकळीत हायड्रोजनने फुगवलेल्या पिशव्या. प्रवासी खिडक्या उघडून खालची शेतं बघत, आणि खाली भुंकणारं कुत्रं वर ऐकू येई. इंग्रजांचं एक जहाज हिंदुस्थानला यायला निघालं होतं. कराचीत त्याच्यासाठी प्रचंड शेडही बांधून तयार होती. ते फ्रान्समध्येच टेकडीवर आपटून जळालं. पुढे आणखी एक जळालं आणि तो सगळा थाट संपला. मी जन्मले त्याच्या कितीतरी नंतर, तरी त्यांची चित्रं पाहिली की मला हुरहूर लागते. का, ते मला सांगता येत नाही. लोकांना जुनी गाणी ऐकून होतं, मला जहाजं बघून होतं.

आदल्या वर्षी एका दिवाळी अंकात मी त्यांच्यावर लेख लिहिला होता. आतल्या पिशव्यांचा परिच्छेद संपादकांनी काढून टाकला. "लोक हे फराळ करता करता वाचतात हो," म्हणाले. लेख छापून बरेच महिने उलटले आणि एक दिवस बँकेत माझ्या नावाने फोन आला. मागे एसटीडी बूथची घरघर, आणि म्हातारा आवाज: "म्याडम, मी देवळीहून बोलून राह्यलो. माह्यं कापडाचं दुकान हाय. तुमी जहाजाचं लिवलं ते खरं हाय ना? मंग पोळ्याले या आमच्याइथं. मी एक बनवून राह्यलो." मी कोण, कुठली, काही न विचारता त्यांनी मला सणाला बोलावलं होतं. मी हो म्हणून बसले.

पोळ्याच्या सकाळी वर्ध्याला उतरले. श्रावणी अमावस्या, आभाळ भरलेलं, हवा दमट. स्टँडवर देवळीची एसटी लागलीच होती. शेजारी आंजीहून बहिणीकडे निघालेल्या एक बाई बसल्या. त्यांनी मांडीवरच्या डब्यातून मला चिवडा दिला आणि माझी चौकशी सुरू केली.

"देवळीले कोनाकडं?"

मी कापडवाल्या शेटजींचं नाव सांगितलं.

"जहाजवाले शेटजी?" त्या हसल्या. "लय भला मानूस हाय. पन त्याच्या दुकानात गेलं का लुगडं घ्याच्या आधी जहाज पाहा लागते!"

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन हिरवीगार झाली होती. कपाशी गुडघ्याच्या वर, मधून तुरीची ओळ, पुढे सोयाबीन. देवळीच्या अलीकडे बस थांबली. नाल्यावर बैल धुवायला गेलेली माणसं परत येत होती आणि बैलांना रस्ता हवा होता. ड्रायव्हरने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. इंजिन बंद करून तो आरामात तंबाखू मळत बसला. "आज त्यायचा दिवस हाय," कंडक्टर म्हणाला. माझी पुणेरी घाई गिळून मीही बैल मोजत बसले.

शेटजी सत्तरी ओलांडलेले, किडकिडीत. पांढरं धोतर, वर टोपी आणि गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी मला चहाच्या आधी दुकानात नेलं. देवांच्या तसबिरींच्या रांगेत एक छोटी चौकट होती. तिच्यात कापडाच्या ताग्यावर गिरणीवाले चिकटवत तसला रंगीत कागद होता: निळं आभाळ, खाली ताडाची झाडं आणि मधोमध चंदेरी वायुजहाज. लहानपणी त्यांनी तो वडिलांच्या मालावरून काढला होता आणि वडिलांच्या हातचा मारही खाल्ला होता.

"मी सगळ्याईले विचारलं," ते म्हणाले, "मास्तरले, डाक्टरले, तहसीलदारले. सगळे म्हनत, शेटजी, हे नुसतं चित्तर हाय, असं काई उडत नाई. तुमचा लेख वाचला आन मी रडलो, बाई. बाह्यरून कापूसच होता ना त्याले?"

"कापडच होतं. सुती," मी म्हटलं. हे खरं होतं.

मग त्यांनी मागचं दार उघडलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर मांजरपाट ताणून शिवलेला आणि चंदेरी रंग दिलेला; खाली माणसं बसायची इवलीशी खोली, तिला सेलोफेनच्या खिडक्या. दोन माणसं आडवी झोपतील एवढी लांबी. घाट इतका अचूक होता की मी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. हे सगळं एका चाकांच्या गाड्यावर ठेवलं होतं, आणि गाड्याला पुढे जुंपला होता सागवानी लाकडाचा बैल!

मला हसू आवरेना. "शेटजी, हे हवेतून जायचं. याला बैल कशाला?"

"पोळ्याले बैलाबिगर काई निंगते का बाई?" त्यांनी मलाच विचारलं.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं आपापले लाकडी बैल सजवून चौकात आणतात, बक्षिसं लागतात, मग ते बैल घरोघर नेऊन बोजारा (बैलामागे मिळणारा खाऊ किंवा पैसे) मागतात. या वर्षी शेटजींना तिथे माइकवर बोलायला मिळणार होतं. काय बोलणार ते त्यांचं पाठ होतं. विमानाला लोखंड लागतं, पेट्रोल लागतं. पण हे जहाज नुसतं कापूस आणि वारा. कुणाचा जीव न घेता माणूस आभाळात गेला, आणि गेला तो आपल्यासारख्यांच्या कापसावर. आयुष्यभर गावाने त्यांची थट्टा केली होती. त्या थट्टेला उद्या ते उत्तर देणार होते, आणि साक्षीला मला बोलावलं होतं.

दुपारी जेवायला बसलो. पुरणपोळी, तिच्यावर वाटीभर तूप, कढी, वडे, भजी. सूनबाई सुनीता आग्रह करकरून वाढत होती. तिसरी पोळी मी नको म्हणत असतानाच शेटजींनी विचारलं, "बाई, येक गोष्ट सांगा. माह्या मांजरपाटातून त वारा निसटते. मंग त्यायचा वायू आत कसा राहे? त्या पिशव्या कायच्या होत्या? तुमी ते काऊन नाई लिवलं?"

संपादकांनी काढलेला परिच्छेद असा माझ्या पानात येऊन पडला.

मला सुटता आलं असतं. शेवटच्या जहाजांत सुती कापडाला लेप देऊन पिशव्या करायची युक्ती निघाली होती, तेवढंच सांगितलं असतं तर तेही खोटं नव्हतं. पण त्यांच्या चौकटीतलं जहाज त्याआधीचं होतं, आणि उद्या हा माणूस साऱ्या गावापुढे 'कुणाचा जीव न घेता' म्हणणार होता. मग कुणीतरी शिकलेला उठून ते खोडून काढणार. तो प्रसंग डोळ्यांपुढे आला आणि मला ते सहन होईना.

"गुरांच्या आतड्याचं पातळ कातडं असे," मी म्हटलं. "ते एकावर एक चिकटवून पिशव्यांना अस्तर लावत. त्यातून हायड्रोजन निसटत नसे."

"मेलेल्या गुरायचं?"

"कत्तलखान्यातून येई."

"येका जहाजाले किती?"

"खूप, शेटजी. ऐकवणार नाही इतकी."

त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि अर्ध्या जेवणावरून उठले. ते बाहेर गेल्यावर सुनीता माझ्यावर उखडली. "सनाच्या दिवशी काऊन सांगतलं, ताई? दोन दिवस थांबाचं होतं. मामाजी आता पान्यालेबी हात नाई लावत." तिचं काही चुकलं नव्हतं. मी मान खाली घालून उरलेली पोळी संपवली. इतकी चांगली पोळी मला इतकी बेचव कधी लागली नव्हती.

संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे राहिले. शिंगांना बेगड, अंगावर झुली. झडत्या (पोळ्यात तालात म्हणायच्या थट्टेच्या ओळी) सुरू झाल्या. कुणीतरी हौशी ओरडला:

"वखर चाले वावरात, जहाज चाले वाऱ्यात,
शेटजीचा जीव गुतला कापडाच्या भाऱ्यात!"

हर हर महादेवच्या गजरात सगळे हसले. शेटजी तिथे नव्हते.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळीही ते घरात दिसेनात. चौकात भोंगा वाजायला लागला होता. सुनीता आणि मी दुकानाकडे गेलो. मागचं दार लोटलेलं होतं, आत ते जहाजापाशी उकिडवे बसले होते. हातात पळसाचं पान, पुढे वाटीत कोमट तूप आणि हळद. पान बुडवून ते जहाजाच्या पोटावरून हलक्या हाताने फिरवत होते. चंदेरी रंगावर पिवळे ओघळ उतरले होते. त्यांचे ओठ हलत होते.

सुनीता दारातच थबकली. "आवतन देऊन राह्यले," ती कुजबुजली. मग मला समजावून सांगितलं: पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे जू ओढून घट्टे पडलेले खांदे असेच तूप-हळदीने शेकतात आणि त्याच्या कानात म्हणतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' आवतण म्हणजे जेवणाचं बोलावणं.

आम्हाला पाहून शेटजी म्हणाले, "त्या गुरायले कोनं आवतन देल्लं नसन. शिळं होईन, पन देल्लं." मग सुनेला म्हणाले, "बैल सोड. आज त्याले नाई जुपाचं."

तो जड सागवानी बैल आम्ही दोघींनी उचलून गाड्यावर, जहाजाच्या शेजारी ठेवला. दोरी शेटजींनी स्वतःच्या खांद्यावर घेतली. मी हात लावायला गेले, तर "राहू द्या बाई" एवढंच म्हणाले.

चौकात पोचलो तेव्हा हशा पिकला. बैल बसलाय आणि शेटजी ओढून राह्यले! ते धापा टाकत होते. त्यांनी दोरी खाली ठेवून माइक हातात घेतला. मग म्हणाले:

"हे जहाज खरं होतं. ह्या बाई पुन्याहून आल्या, त्यायले विचारा. आजपावतर मी तुमाले सांगत होतो, कापूस आन वारा. चुकलं माह्यं. याच्या पोटात गुरायचं आतडं होतं. लय गुरं गेली याच्यापायी, आपल्या गोठ्यातल्यासारखीच. मले कालच मालूम पडलं. म्हनून आज बैल बसला हाय आन मी ओढून राह्यलो. बस, येवढंच."

टाळ्या झाल्या नाहीत. बक्षीस संगणकाचा देखावा करणाऱ्या एका मुलीला मिळालं. शेटजींनी तिच्या बैलाच्या पाठीवर हात फिरवला आणि दोरी पुन्हा खांद्यावर घेतली. बोजारा मागायला नाही, म्हणाले, पण दारोदार नेल्याशिवाय पोळा होत नाही.

पहिल्याच दारात एक म्हाताऱ्या बाई ताट आणि तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी जहाजाच्या निमुळत्या तोंडाला कुंकू लावलं, पोळीचा घास तिथे टेकवला. मग तांब्या हातात घेऊन खाली बघायला लागल्या. दारात आलेल्या बैलाचे पाय धुवायचे असतात.

"याले पाय नाईत वैनी," शेटजी ओशाळून म्हणाले.

बाईंनी क्षणभर विचार केला. मग पुढे होऊन त्यांनी तांब्यातलं पाणी शेटजींच्या धुळीने माखलेल्या पायांवर ओतलं.

"अवो, हे काऊन?" शेटजी मागे सरायला गेले, पण खांद्यावर दोरी होती. ते तिथेच उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडले. पुढच्या दारातली बाई स्वतःच तांब्या घेऊन पायरी उतरून आली, आणि तिच्या पुढचीही.

त्याच संध्याकाळी मी वर्ध्याला गाडी पकडली. सुनीताने डबा बांधून दिला होता. राग गेला का, असं मी विचारलं नाही. डब्यात पोळ्या चार होत्या, तेवढ्यावरून काय ते समजले. खिडकीबाहेर कपाशीची रानं मागे जात होती आणि मी माझ्या जहाजांचा विचार करत होते. ती जळाली तेव्हा आत कोण कोण होतं, त्यांची नावं मला पाठ आहेत. त्यांच्यासाठी मी इतकी वर्षं हळहळत आले. ज्यांच्या आतड्यांवर ती सगळी जहाजं तरंगली, ती जनावरं माझ्या टिपणांत धातू आणि कापड यांच्या मधल्या ओळीत होती, सामान म्हणून. त्यांच्यासाठी जगात कुणी कधी पाणी ओतलं असेल, तर ते देवळीतल्या बायांनी, एका म्हाताऱ्या कापडवाल्याच्या पायांवर.